तवे किती आणि पोळपाट किती: सर्व्हर कोअर कसे मोजतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका कार्यालयात दोन प्रोसेसरचा सर्व्हर आहे. प्रत्येक प्रोसेसरमध्ये १६ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), म्हणजे बिलावर ३२. त्यावर लिनक्स आणि केव्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरनं बनवलेले आभासी संगणक, चालवणारी लिनक्सची सोय) आहे, आणि लिनक्स ६४ सीपीयू दाखवतं. त्यातले ८ एका विंडोज व्हर्च्युअल मशीनला दिले. विंडोजला ८ दिसतात, पण आतला एसक्यूएल सर्व्हर स्टँडर्ड (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) चारच वापरतो. त्याच सर्व्हरवर कंटेनरमध्ये (प्रोग्रॅमला मर्यादा घालून वेगळं चालवणाऱ्या कप्प्यात) जावा ८ या आवृत्तीवरची एक जुनी सेवा २ सीपीयूच्या मर्यादेत चालते. मशीन निवांत असतानाही ती अधूनमधून अडखळते. ३२, ६४, ८, ४ आणि २ यांतला खरा आकडा कोणता, असं विचारलं आहे.

पाचही खरे आहेत. प्रत्येक आकडा वेगळ्याच वस्तूचा आहे, आणि सगळ्यांना आपण सवयीनं ‘कोअर’ म्हणतो, तिथून गोंधळ सुरू होतो. गेली वीस वर्षं सर्व्हर सांभाळताना मी स्वतः या गोंधळात दोनदा पुरता अडकलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ३२ आणि ६४ बघू. पोळ्यांचं उदाहरण घ्या. तवा एक, पण पोळपाट दोन आणि लाटणारे दोघं. एक जण लाटत असताना दुसऱ्याची पोळी तव्यावर असते, त्यामुळे तवा रिकामा तापत राहत नाही. तवा म्हणजे कोअर, पोळपाट म्हणजे थ्रेड. इंटेलनं २००२ मध्ये झिऑन या सर्व्हर प्रोसेसरमध्ये हायपरथ्रेडिंग, म्हणजे एका कोअरवर दोन थ्रेड, आणलं तेव्हा कल्पना हीच होती. कोअर मेमरीतून येणाऱ्या माहितीची वाट बघत पुष्कळ वेळ घालवतो, तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडचं काम उरकून घ्यायचं. चिपचा आकार पाच टक्क्यांहून कमी वाढला आणि काम तीस टक्क्यांपर्यंत वाढतं, असा तेव्हा इंटेलचाच दावा होता. तीस टक्के, शंभर नव्हे. आयबीएमच्या पॉवर८ मध्ये तर एका कोअरवर आठ थ्रेड असतात, पण म्हणून आठ तवे होत नाहीत.

ऑपरेटिंग सिस्टम मोजते ते पोळपाट. मशीन सुरू होताना फर्मवेअर (मशीनमध्येच भरलेलं मूळ सॉफ्टवेअर) तिच्या हातात प्रोसेसरांची एक यादी ठेवतं. एसीपीआय या, फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टम यांच्यातल्या, मानकात त्या तक्त्याला एमएडीटी म्हणतात आणि त्यात प्रत्येक थ्रेडची स्वतंत्र नोंद असते. लिनक्स त्या नोंदी मोजून ६४ म्हणतं. कोणता थ्रेड कोणत्या कोअरचा आणि कोणता कोअर कोणत्या सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा), हे नंतर प्रोसेसरलाच सीपीयूआयडी या सूचनेनं विचारून घेतलं जातं. ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा चालवा. त्यात सॉकेट २, दर सॉकेटला कोअर १६, दर कोअरला थ्रेड २ अशा तीन ओळी वेगवेगळ्या दिसतील. खरेदी, परवाने किंवा क्षमता यांबद्दल बोलायच्या आधी या तीन ओळी कागदावर उतरवून घ्या. एकट्या ‘सीपीयू ६४’ या ओळीवरून काहीच ठरवू नका.

त्या यादीचा क्रमही महत्त्वाचा आहे, आणि त्यामागे एक जुनी हकिकत आहे. विंडोज २००० ला थ्रेड आणि प्रोसेसर यांतला फरक कळत नव्हता. परवाना चार प्रोसेसरचा असेल तर ती पहिल्या चार नोंदी घ्यायची आणि थांबायची. नोंदी तवा एक-पोळपाट एक, तवा एक-पोळपाट दोन अशा लागल्या असत्या, तर चार प्रोसेसरच्या मशीनवर दोनच वापरात आले असते. म्हणून आधी सगळ्या कोअरचे पहिले थ्रेड लिहायचे आणि मग सगळ्यांचे दुसरे, असा संकेत पडला आणि तो एसीपीआयच्या मानकातही आला. तुमच्या मशीनवर तो आजही दिसेल. लिनक्समध्ये बहुधा ० ते १५ पहिल्या सॉकेटचे, १६ ते ३१ दुसऱ्याचे, आणि ३२ पासून पुढे त्याच कोअरांचे जुळे थ्रेड. म्हणजे ० चा जुळा भाऊ १ नसून ३२ आहे. विंडोजमध्ये मात्र ० आणि १ ही जुळी जोडी असते. काही सर्व्हरवर सम क्रमांक एका सॉकेटचे आणि विषम दुसऱ्याचे, असंही असतं.

याच क्रमानं मला एकदा चांगलंच शिकवलं. एका नागरी सहकारी बँकेत डेटाबेस आणि रात्रीचं डे-एंडचं, म्हणजे दिवसाचे हिशेब बंद करण्याचं, काम एकाच मशीनवर होतं. मशीन असंच, ६४ सीपीयूचं. एकाचा त्रास दुसऱ्याला होऊ नये म्हणून मी ‘टास्कसेट’ ही, काम ठरावीक सीपीयूंना बांधून देणारी, आज्ञा वापरून डेटाबेसला ० ते ३१ दिले आणि डे-एंडला ३२ ते ६३. विंडोजची सवय असल्यामुळे हे दोन वेगळे प्रोसेसर आहेत असं गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात मी दोघांनाही त्याच ३२ तव्यांवर उभं केलं होतं, फक्त पोळपाट वेगळे. डे-एंड सुरू झालं की डेटाबेस मंदावायचा, आणि आकडे बघितले की दोघांचे सीपीयू काटेकोरपणे वेगळे दिसायचे. तीन रात्री गेल्यावर एका कोअरच्या माहितीतली जुळ्या थ्रेडांची यादी उघडून पाहिली आणि ‘०,३२’ ही ओळ दिसली. तेव्हापासून ती फाइल वाचल्याशिवाय मी कुठल्याही कामाला सीपीयू बांधून देत नाही. ‘सिस’ फोल्डरमध्ये, प्रत्येक सीपीयूच्या ‘टोपोलॉजी’ उपफोल्डरात ती असते.

आपण असं काही बांधलं नाही तर लिनक्सचं शेड्युलर, म्हणजे कोणतं काम कुठे चालवायचं ते ठरवणारा भाग, हा भेद स्वतः सांभाळतं. २००७ मध्ये आलेलं सीएफएस असो वा २०२३ मध्ये ६.६ आवृत्तीत त्याच्या जागी आलेलं ईईव्हीडीएफ असो, मशीनचा नकाशा त्याच्याकडे थरांनी असतो: जुळे थ्रेड, मग कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) वाटून घेणारे कोअर, मग सॉकेट. नवं काम आलं की आधी पूर्ण रिकामा कोअर मिळतो का बघायचं आणि जुळ्याच्या शेजारी नाइलाजानंच बसवायचं, असा त्याचा कल असतो. त्यामुळे ३२ कामं चालू असतील तर ती साधारण ३२ वेगवेगळ्या तव्यांवर जातात.

इथून एक गोष्ट निघते, जी मला सगळ्यात जास्त वेळा समजावून सांगावी लागते. ६४ पैकी ३२ व्यस्त असताना सगळी साधनं ‘५० टक्के’ दाखवतात. वरिष्ठ विचारतात, निम्मं मशीन मोकळं आहे, मग नवीन कशाला घ्यायचं? पण तवे सगळे तापलेले आहेत. उरलेल्या ‘५० टक्क्यां’तून फार तर वीस-तीस टक्के जादा काम निघेल, आणि तेही काम मेमरीची वाट बघणाऱ्या प्रकारचं असेल तरच. सतत आकडेमोड करणाऱ्या कामात त्याहूनही कमी. हायपरथ्रेडिंग चालू असलेल्या सर्व्हरवर सरासरी वापर पन्नास-साठ टक्क्यांवर पोहोचला की मी वाढीचा विचार सुरू करायला सांगतो. शंभराची वाट बघणाऱ्यांना प्रतिसादाचा वेळ अचानक दुप्पट झाल्यावर कळतं.

क्लाउडवरही हेच आहे. ॲमेझॉनवर इंटेलच्या मशीनमधला एक व्हीसीपीयू (भाड्यानं मिळणारा आभासी सीपीयू) म्हणजे साधारणपणे एक थ्रेड असतो, तर त्यांच्याच ग्रॅव्हिटॉन प्रोसेसरमध्ये एक व्हीसीपीयू म्हणजे अख्खा कोअर. ‘८ व्हीसीपीयू’ अशा दोन पाट्या शेजारी असल्या तरी एकीकडे तवे चार आणि दुसरीकडे आठ.

आता तुमचा ८ आणि ४ चा प्रश्न. याचं उत्तर एसक्यूएल सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये, अगदी सुरुवातीच्या ओळींत लिहिलेलं सापडेल: आठ सॉकेट आढळले, प्रत्येकात एक कोअर, एकूण आठ लॉजिकल प्रोसेसर (म्हणजे पोळपाट), परवान्यानुसार चार वापरत आहे. बहुतेक जण ही ओळ कधी वाचतच नाहीत. स्टँडर्ड आवृत्तीची मर्यादा दुहेरी आहे: चार सॉकेट किंवा ठरावीक कोअर, यांतलं जे आधी भरेल ते. २०१२ आणि २०१४ मध्ये कोअरची मर्यादा १६ होती, २०१६ ते २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत २४. तुमचे कोअर आठच, म्हणजे मर्यादेच्या पुष्कळ आत. सॉकेट मात्र आठ झाले आणि चारांनंतर दार बंद झालं.

आठ सॉकेट आले कुठून? मशीनमध्ये तर दोनच आहेत. व्हर्च्युअल मशीनच्या आतल्या विंडोजला खरे सॉकेट कधी दिसत नाहीत. हायपरव्हायझर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, सांगेल तो नकाशा तिच्यासाठी खरा. केव्हीएमबरोबर चालणाऱ्या क्यूईएमयू या सॉफ्टवेअरची जुनी रीत अशी होती की वेगळं काही सांगितलं नाही तर प्रत्येक आभासी सीपीयूला स्वतःचं सॉकेट द्यायचं. व्हीएमवेअरमध्येही बराच काळ डीफॉल्ट हेच होतं. व्हर्च्युअल मशीनच्या आत लिनक्स असेल तर फारसं बिघडत नाही, म्हणून ही गोष्ट वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. सॉकेट मोजणारं सॉफ्टवेअर आत आलं की ती उघडी पडते. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसची मर्यादा एक सॉकेट किंवा चार कोअर आहे. चार सॉकेट गुणिले एक कोअर अशा मशीनवर तो एकाच कोअरवर चालतो, आणि लोक डेटाबेसला दोष देत बसतात. विंडोज १० प्रो दोन सॉकेटच्या पुढे जात नाही, तिथंही हाच प्रकार.

यात पैशाचं नुकसान अधिक बोचतं. एसक्यूएल सर्व्हरचे परवाने तुम्ही कोअरच्या हिशेबानं आणि फक्त या व्हर्च्युअल मशीनपुरते घेतले असतील, तर त्या मशीनला दिलेल्या सगळ्या आभासी कोअरांचे घ्यावे लागतात. म्हणजे पैसे आठांचे गेले आणि काम चारांनीच केलं. हे कळल्यावर समोरच्या माणसाचा चेहरा उतरलेला मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिला आहे, आणि दर वेळी वाईट वाटलं आहे, कारण दुरुस्ती पाच मिनिटांची असते. व्हर्च्युअल मशीन पूर्ण बंद करायचं. नुसतं रीस्टार्ट पुरत नाही, कारण नकाशा मशीन चालू होतानाच ठरतो. तिच्या व्याख्येत सॉकेट १, कोअर ८, थ्रेड १ असं स्पष्ट लिहायचं आणि मग चालू करायचं.

एकच सॉकेट का, दोन गुणिले चार का नको? मर्यादेच्या दृष्टीनं दोन्ही चालतील. पण खाली खरी मशीन आहे, आणि तिची मेमरी दोन सॉकेटांत वाटलेली आहे. आपल्या सॉकेटजवळची मेमरी लवकर मिळते, पलीकडची उशिरा. यालाच न्यूमा म्हणतात. ‘न्यूमाकंट्रोल’ (numactl) या आज्ञेला हार्डवेअरची माहिती विचारलीत तर अंतरांचा छोटा तक्ता येतो, दोन सॉकेटच्या मशीनवर बहुधा १० आणि २१ असे आकडे. त्यांचा अर्थ ‘दुप्पट वेळ लागतो’ असा शब्दशः घेऊ नका, ते फर्मवेअरनं लिहून दिलेले आहेत, मोजलेले नाहीत. पण दिशा बरोबर असते. आठ आभासी सीपीयू १६ कोअरच्या एका सॉकेटमध्ये आरामात मावतात. तेव्हा मशीन एकाच न्यूमा नोडवर (एक सॉकेट आणि त्याच्याजवळची मेमरी) ठेवा, तिची मेमरीही त्याच नोडवरून द्या, आणि आत एकच सॉकेट दाखवा. आतला नकाशा आणि बाहेरची जमीन जुळली की एसक्यूएल सर्व्हर स्वतःचे निर्णय नीट घेतो. पुढे २० सीपीयू द्यायची वेळ आली, तर एका सॉकेटचे १६ कोअर पुरणार नाहीत. तेव्हा दोन गुणिले दहा करा.

विंडोज सर्व्हरच्या परवान्यांचंही विचारलं आहे. २०१६ पासून मोजणी कोअरवर आहे. प्रत्येक प्रोसेसरला किमान ८ आणि सर्व्हरला किमान १६ धरावेच लागतात. तुमच्या मशीनला ३२. हायपरथ्रेडिंगचे थ्रेड यात मोजत नाहीत, त्यामुळे ६४ चे परवाने कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. स्टँडर्डमध्ये सगळे ३२ कोअर भरल्यावर दोन व्हर्च्युअल मशीनचा हक्क मिळतो.

विंडोजपुरतीच आणखी एक मर्यादा, कारण तुमचं मशीन नेमकं तिच्या काठावर आहे. सीपीयूंचा संच विंडोज ६४ बिटांच्या एका आकड्यात धरते, दर सीपीयूला एक बिट. ६४ च्या पुढे गेल्यावर तिनं त्यांचे गट केले, विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून. जुना प्रोग्रॅम एका गटातच जगायचा. ८० थ्रेडच्या मशीनवर त्याला ४० दिसायचे आणि उरलेल्या ४० चा पत्ताच नसायचा. विंडोज सर्व्हर २०२२ पासून प्रोग्रॅमचे थ्रेड (इथं थ्रेड म्हणजे पोळपाट नव्हे, तर प्रोग्रॅम एकाच वेळी चालवतो ती कामं) आपोआप सगळ्या गटांत पसरू शकतात. आज एका सॉकेटमध्ये १९२ कोअर असलेले एएमडी एपिक मिळतात. दोन सॉकेट आणि दुहेरी थ्रेड धरले की ७६८. थेट हार्डवेअरवर विंडोज टाकायचा विचार असेल तर आपल्या जुन्या सॉफ्टवेअरला गट कळतात का, हे खरेदीआधी तपासा.

उरला २ चा प्रश्न, आणि तो मला सगळ्यांत रंजक वाटतो, कारण इथं कोअर मोजलेच जात नाहीत. कंटेनरला ‘२ सीपीयू’ दिले की लिनक्स त्याला दोन कोअर काढून देत नाही. देतं ते वेळेचं रेशन. दर १०० मिलिसेकंदांच्या काळात सगळ्या सीपीयूंवर मिळून २०० मिलिसेकंद चालायचं, संपले की पुढचा काळ सुरू होईपर्यंत थांबायचं. कंटेनरला ६४ च्या ६४ पोळपाट खुले असतात, पिठाचा डबा तेवढा मोजून दिलेला असतो.

तुमची जुनी जावा ८ हा डबा बघत नाही. ती सीपीयू मोजते आणि तिला ६४ मिळतात. मग ती कचरा गोळा करण्यासाठी, म्हणजे न लागणारी मेमरी मोकळी करण्यासाठी, थ्रेड (इथंही पोळपाट नव्हे, प्रोग्रॅमची कामं) किती काढायचे ते ठरवते. आठपर्यंत सीपीयूमागे एक आणि त्यापुढच्यांच्या पाच-अष्टमांश, असं तिचं सूत्र आहे. ६४ ला ४३ थ्रेड येतात. शिवाय मोठी कामं वाटून करण्यासाठीच्या फोर्क-जॉइन या सामायिक पूलमध्ये ६३. आता कचरा गोळा करायची वेळ आली की ४३ थ्रेड एकदम उठतात. रेशन वाटताना लिनक्स दर सीपीयूला एका वेळी पाच-पाच मिलिसेकंदांचा तुकडा देतं, म्हणजे २०० मिलिसेकंदांचे ४० तुकडे. चाळीस जणांना एकेक मिळाला, तिघे रिकाम्या हातानं परतले, आणि पाच मिलिसेकंदांत अख्ख्या काळाचं रेशन संपलं. पुढचे ९५ मिलिसेकंद सेवा गप्प. बाहेरून बघणाऱ्याला मशीन निवांत दिसतं आणि सेवा अडकलेली. तुम्ही लिहिलेलं वर्णन अगदी हेच आहे.

खात्री करायची असेल तर त्या कंटेनरच्या सीग्रुपमधली (लिनक्स मर्यादांचा हिशेब ठेवतं तिथली) ‘सीपीयू डॉट स्टॅट’ फाइल बघा. किती काळ रोखलं गेलं त्याचा मोजलेला आकडा तिथं असतो. सेवा अडखळते त्याच क्षणी तो वाढत असेल तर दुसरं काही शोधत बसू नका. उपाय दोन: जावा ८ चा १९१ किंवा त्यापुढचा अपडेट घ्या, किंवा सरळ जावा १० किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर जा. या आवृत्त्या कंटेनरची मर्यादा वाचतात. आकडा हातानं द्यायचा असेल तर सक्रिय प्रोसेसरांची संख्या सांगणारा पर्यायही याच आवृत्त्यांपासून आहे. गो भाषेत लिहिलेल्या सेवांना हीच खोड होती. २०१५ च्या १.५ आवृत्तीपासून ती दिसतील तेवढे सीपीयू घ्यायची. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली १.२५ आवृत्ती आता मर्यादा बघते.

मर्यादा वाढवून २ च्या जागी ४ करणं हा उपाय मात्र मी सुचवणार नाही. डबा मोठा होईल, पण ४३ जण त्यावर तसेच तुटून पडतील.

हायपरथ्रेडिंग बंद करावं का, असंही शेवटी विचारलं आहे. २०१८ मध्ये एल१टीएफ ही इंटेलच्या प्रोसेसरमधली सुरक्षेची त्रुटी उघड झाली तेव्हा अनेकांनी ते बंद केलं. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टमनं तर त्याच वर्षी जूनमध्येच ते आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली होती. एकाच तव्यावरच्या दोघांना एकमेकांची पोळी चोरून बघता येते, असा तो धोका होता. तुमच्या सर्व्हरवर अनोळखी लोकांची व्हर्च्युअल मशीन असती तर मीही बंद करा म्हटलं असतं. सगळं एकाच कार्यालयाचं आहे, म्हणून फर्मवेअर आणि मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत ठेवून ते चालू राहू द्या. बंद केलंच, तर ६४ चे ३२ होतील आणि हातानं बांधलेले सगळे सीपीयू क्रमांक पुन्हा तपासावे लागतील.

आधी एसक्यूएल सर्व्हरचं मशीन सुट्टीच्या दिवशी बंद करून सॉकेट बदला. चालू झाल्यावर एरर लॉगमधली तीच ओळ पुन्हा वाचा. तिथं एक सॉकेट, आठ कोअर आणि वापरातही आठ असं दिसायला हवं. जावाचं काम दुसऱ्या दिवशी घ्या, दोन्ही बदल एकाच रात्री करू नका.